काठाचं पाणी

॥ बिरोबा प्रसन्न ॥

वळसंग,
५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. राजनंदिनीस आत्याचे अ. आ.

पत्र लिहायला बसले की तुझे मामा हसतात. म्हणतात, सुनेला फोन लाव की, टपालवाल्याला कशाला पळवतीस. त्यांचे कान शाबूत हायेत, त्यांचं काय जातंय. मला फोनवर तुझा आवाज माशी घोंगावल्यागत येतो. आन् सातवीपर्यंत शिकले ती काय चुलीत घालायला? तुझ्या शाळेतल्या पोरांपरीस माझं अक्षर बरं हाय, हे तूच म्हणली व्हतीस.

घट बसायच्या आधी सगळं घर धुऊन काढलं. तवा वरच्या फळीवर माझ्या लेकाची, सिद्धूची पिशवी दिसली. दोन वरसांमागं अंदमानावरनं तू एकटी आलीस, तवा आणून ठेवली व्हतीस तीच. इतके दिवस माझा हात गेला न्हवता. परवा उघडली. दोन सदरे, आन् मेंढरांच्या लशीचं कार्ड. कार्डाच्या पाठीवर त्यानं बेटावर काय काय करायचं ते लिहिलंय, सात कलमं. पहिल्या तिनांवर बरोबरच्या खुणा हायेत. विमानात खिडकीला बसणं, काचेच्या तळाची बोट, आन् झाडाखाली बसून शहाळं. बाकीची चार तशीच ऱ्हायली. सातवं वाचलं आन् मी कार्ड परत पिशवीत कोंबलं. आता ह्या पत्रासंगं पाठवतीय.

तुझ्या शाळेतली वैजयंती दिवाळीच्या सुटीत तिकडंच निघालीय न्हवं? तू जा तिच्यासंगं. ती चार कामं उरकून ये. सिद्धूला काम अर्धं टाकायची सवय न्हवती.

आणखी एक लिहिते, हसू नगंस. मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाला काळा दगड हाय बघ, त्यावर सिद्धू मेंढरांना मीठ ठेवायचा. तो गेल्यापासून त्यावर कुणी चिमूटभर ठेवलं न्हाय. दोन पावसाळे त्यावरनं गेले. तरी रोज दिवस मावळताना सगळी मेंढरं तितं थांबतात आन् दगड चाटतात. तुझे मामा म्हणतात, जुनी सवय. मागल्या आठवड्यात कुणी बघत न्हाय असं बघून मीच जीभ लावली. खारट हाय गं. आत्ता ठेवल्यागत खारट.

अकलूजच्या स्थळाला तू अजून उत्तर दिलं न्हाईस असं तुझी आई सांगत व्हती. माझ्यासाठी थांबू नगंस. जपून जा आन् पाण्यापासनं लांब ऱ्हा.

माया हाय तशी ऱ्हाऊ दे.
तुझी आत्या,
तानाबाई

॥ श्री ॥

नील बेट, अंदमान
९ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यांना राजनंदिनीचा सा. न. वि. वि.

काल बोटीनं इथं पोचलो. हे पत्र बहुतेक माझ्या मागून येईल, कारण इथलं टपाल बोटीच्या मर्जीनं चालतं. तरी लिहिते. फोनवर मामांना सांगितलं असतं, तर तुमच्यापर्यंत त्यातलं निम्मंच आलं असतं.

आज सकाळी चौथं कलम झालं. ओहोटीला समुद्र लांब मागं जातो आणि खडक उघडे पडतात. त्यावरून बूट घालून चालायचं. खळग्यांत पाणी साचलेलं असतं, त्यात निळे मासे, चांदणीच्या आकाराचे जीव, आणि काळ्या काकडीसारखं काहीतरी, जे जिवंत असतं म्हणे. वाटाड्यानं कशालाच हात लावू दिला नाही. वैजयंतीबाई दोनदा घसरून पाण्यात बसल्या. गुडघा खरचटला म्हणून दुपारी खोलीवर थांबल्या आणि तिथून सगळ्यांना फोटो पाठवत राहिल्या. तुम्ही असता तर त्यांना पुरतं भंडावून सोडलं असतंत.

दुपारी एकटीनंच पाचवं कलम उरकलं. सायकल भाड्यानं घेऊन बेट फिरायचं. बेट लहान आहे. रस्त्याला सुपारीची झाडं, मध्येमध्ये वांग्याची आणि भेंडीची शेतं. मला आपल्या शिवाराची आठवण झाली, फक्त इथं सगळं हिरवं. जाताना सायकल हलकी होती. मावळतीच्या किनाऱ्यावर, म्हणजे हे गेले तिथेच, मी उतरले नाही. लांबूनच वळले. आणि आत्या, वळल्यापासून सायकल जड झाली. चाकात हवा होती, रस्ता सपाट होता, तरी डबलसीट ओढल्यासारखे पाय भरून आले. मी मागं वळून बघितलं नाही. वळून बघायला पाहिजे होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही.

दुकानात सायकल परत दिली तेव्हा दुकानदारानं सहज विचारलं की मागं बसलेले साहेब कुठं उतरले. मी म्हटलं, कोण साहेब? तो म्हणाला, वळणावरून येताना दिसले होते, एवढ्या उकाड्यात खांद्यावर घोंगडी घेतलेले.  मी मागच्या कॅरिअरला हात लावला. ओलं होतं. खोलीवर येईपर्यंत बोटं वाळली आणि त्यांवर पांढरं मीठ दिसायला लागलं.

वैजयंतीबाईंना मी यातलं काही बोलले नाही. तुमच्या दगडाचं वाचून मी हसले होते, हे मात्र कबूल करते. सहावं आणि सातवं उद्या.

मामांना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्यावा.
आपली,
राजनंदिनी

सोलापूर,
१६ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यांना सा. न. वि. वि.

परवा घरी पोचले. वळसंगला यायला हवं होतं, पण धीर झाला नाही. म्हणून सातव्या कलमाची बाटली काल वळसंगच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली. नीट मिळाली असेल. 'आईला समुद्र चाखवायचा' असं यांनी लिहिलं होतं, म्हणून समुद्राचंच पाणी भरलं. काठाचं आहे. पाय आत जाईनात, घोट्याएवढ्या पाण्यात वाकून कशीबशी भरली.

धीर का झाला नाही तेच आज लिहिते. हे वाचून तुम्ही माझं तोंड बघणार नाही असं म्हणालात, तरी मला बोलायला जागा नाही. पण त्या घरात मला तुमच्याशिवाय माझं असं कोणी नाही, एवढं आधी सांगते.

सहावं कलम होतं, सूर्य बुडताना फोटो. दोन वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी फोटो मीच काढत होते. सूर्य बरोबर यांच्या खांद्यावर यावा म्हणून मी यांना म्हणाले, अजून मागं सरा. तीनदा म्हणाले. यांना पोहता येत नाही हे मला ठाऊक होतं. तिसऱ्यांदा म्हणाले आणि सूर्याकडेच बघत फोटो काढला. मोबाईल खाली घेतला तोवर लाट येऊन गेली होती आणि समोर कोणी नव्हतं. पोलिसांना, तुम्हाला, सगळ्यांना मी सांगितलं की हे आपणहून पाण्यात गेले. मामा चार माणसांत यांना बिनडोक म्हणाले, कोरड्या मुलखातला गडी पाण्यात कशाला शिरला म्हणाले, तेव्हा मी पदर तोंडात धरून ऐकत राहिले. अशा बाईनं अकलूजच्या माणसाला कोणत्या तोंडानं हो म्हणायचं?

तो फोटो मी आजवर उघडला नव्हता. दहा तारखेला त्याच जागी उभी राहून उघडला. हे माझ्याकडे बघतच नाहीत. माझ्याकडे पाठ आहे, मांडीभर पाण्यात वाकलेत आणि हातात पाण्याची रिकामी बाटली आहे. हे असं काय करत होते ते मला कळत नाही. माझं ऐकून मागं सरत होते असंच मला इतके दिवस वाटत होतं.

तुम्ही द्याल ती शिक्षा मान्य. फक्त पत्र बंद करू नका.
आपली,
राजनंदिनी

॥ बिरोबा प्रसन्न ॥

वळसंग,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. राजनंदिनीस आत्याचे अ. आ.

बाटली मिळाली, पण ती मी तशीच झाकून ठेवली व्हती. तुझी दोन्ही पत्रं मंगळवारी एकदमच आली. खोटं कशाला बोलू, तुझा लई राग आला. तीन दिवस भाकरी थापताना मी तुझ्याशी भांडत व्हते. मामा म्हणले, एकटीच काय बडबडतीस. चौथ्या दिवशी भांडण सरलं, कारण पुढचं बोलायची पाळी माझी व्हती.

तो पाठमोरा का व्हता ते तुला कळलं न्हाय. मला दोन वरसं भ्या व्हतं तेच, सातवं कलम वाचलं तवा खातरी झाली. निघायच्या दिवशी मीच त्याला म्हणलं व्हतं, समिंदराचं पाणी आण, मला त्याची चव बघायचीय. आन् वर म्हणलं, "काठाचं भरू नगं. आत जाऊन निवळ भर." तळ्यावर पाणी भरताना त्याला ल्हानपणापासनं हेच शिकवलं. काठाचं पाणी मेंढरांनी तुडवून गढूळ केलेलं असतंय, मांडीभर आत गेलं की निवळ लागतंय. तू मागं सर म्हणत व्हतीस, आन् तो आईचं ऐकून आत जात व्हता. तुझे मामा त्याला बिनडोक म्हणायचे तवा मी बी चुलीकडं तोंड करून बसायची. दोन वरसं आपण दोघी एकाच गोष्टीवर गप्प बसलो, आन् शिव्या त्यानं खाल्ल्या.

काल मी मामांना सगळं सांगितलं. तुझंबी आन् माझंबी. त्यांनी बाटली उघडून त्यात बोट बुडवलं, चाखलं, आन् बाहेर जाऊन वाडग्यापाशी बसले. लेक गेला त्या दिवशी रडले न्हवते, ते काल रडले.

मग मी चाखलं. खारट व्हतं. तळाला जरा वाळू हाय. तू काठाचंच आणलंस, पोरी. समिंदर काठाला बी तितकाच खारट असतो की. त्यासाठी आत जायची गरजच न्हवती. मला कुणी सांगितलं न्हवतं. मी कुटं समिंदर बघितलाय.

सिद्धू गावला न्हाय म्हणून आपण त्याचे दिवस घातले न्हवते. आता घालू. पुढच्या रविवारी तू हितं ये. कंडक्टरच्या हाती काय धाडू नगंस, तू ये. हे घर तुझंच हाय, आन् राग मी भाकरीसंगं भाजून टाकलाय. वर ह्या वेळी सौ. लिहिलं न्हाय, लिहिताना हात अडखळला. दिवस झाले की अकलूजवाल्यांना व्हय म्हण. पुन्हा सौ. लिहायचं झालं तर पहिलं पत्र माझं असंल.

मामांचा आशीर्वाद. आपल्यातली माया आटू देऊ नगंस.
तुझी आत्या,
तानाबाई

ता. क. बाटली उघडल्यापासनं मेंढरं दगडापाशी थांबत न्हाईत. काल सांजंला आन् आज बी सरळ आत गेली. दगड नुसता दगड लागतो. मामा म्हणतात, त्याचं काम पुरं झालं, आता त्याला सोड. मी व्हय म्हणते. आन् ते पाठ फिरवून आत गेले की जीभ लावून बघते.