दगाचा हात आणि लेथचा पसारा

नंदुरबार,
ता. १९ ऑगस्ट १९४४

ती. दादांस,

उदेसिंगचा साष्टांग नमस्कार. आई बरी आहे, गुडघे तेवढे धरतात. वहिनींनी सुरतेहून पाठवलेलं लुगडं पोचलं. रंग तिला आवडला.

लष्करी पंपाच्या पिना नापास होऊन परत आल्या, तेव्हा तुम्ही इथे आलात आणि साऱ्या कारखान्यादेखत आपल्या दगा कारागिराला म्हणालात, "नऊ वर्षं लेथवर उभा, तरी हात अजून औताचाच." त्याने टोपी उचलली नि गेला. तुम्ही दुपारच्या गाडीने सुरतेला परतलात.

आता ऐका. तुम्ही नेमलेल्या नव्या माणसाकडून मी एका बैठकीत पन्नास पिना करवून घेतल्या. मध्ये लेथची जुळणी बदलू दिली नाही. प्रत्येक पिन मोजली. सरासरी बरोबर एक इंच. पण काही पिना इंचाच्या सहा सहस्रांशांनी मोठ्या, काही तितक्याच लहान. नकाशात कमीजास्त सूट तीन सहस्रांशांचीच आहे. हात नवा, मापांचा पसारा तोच. लेथचा दांडा बेअरिंगमध्ये हलतो, दादा. जुळणी करून सरासरी साधेल, पसारा आटणार नाही. हे यंत्र हा माल देऊच शकत नाही. मग तुम्ही शिव्या कोणाला दिल्यात?

वर लिहिता, "नापास पिना पुढच्या खेपेत मिसळ." मी मिसळणार नाही.

परवा सारंगखेड्याला दगाच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, नर्मदाबाईने, पाणी दिलं नि ती आत निघून गेली. दगा ओट्यावर दोर वळत होता. परत चल म्हणालो, तर मान वर न करता म्हणाला, "भाऊ, मन्हा हात चुकना असं तुम्ही म्हना, मी मानी लिसु. पन तुम्ही तं मोजेल शे ना?"

मोजलं होतं. तेच लिहायचं टाळत इथवर आलो. वैशाखात, काम घेण्याआधी, दांडा हलतो हे दगानेच मला दाखवलं होतं. मी तीस पिना मोजल्या होत्या. हाच पसारा होता. तुम्ही विचारलंत, "जमेल ना?" आणि तुमच्या तोंडाकडे बघून मी "जमेल" म्हणालो. तुम्ही त्याला हाकललंत, तेव्हा त्या मापांचा कागद माझ्या खिशात होता. मी मायक्रोमीटर पुसत उभा राहिलो. तुमच्यावर संताप येतो, पण स्वतःची किळस येते.

आज काम थांबवलं. दोन्ही वेळची मापं लष्कराच्या तपासणी अधिकाऱ्याला धाडली. तुम्हाला विचारलं नाही.

दगाची माफी मी त्याच्या ओट्यावर मागितली, कोणी ऐकत नसताना. ती पुरत नाही. तो येईल असं त्याने म्हटलेलं नाही. तरी गुरुवारी सकाळी सगळे कामगार जमले की मी पुन्हा मागणार आहे. तुम्हीही या. आला नाहीत, तर मी तुमचंही नाव घेईन.

अजून तुमचाच भाऊ,
उदेसिंग