तो गुरगुरतोय ना?

सार्डिनिया, मंगळवार

आई, आशीर्वाद असू दे.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. रोज पाहुण्यांना होडीतून पांढऱ्या कड्यांखाली नेतो. निळं पाणी बघून ते म्हणतात, "काय शांतता आहे!"

मला त्या शांततेत झोप लागत नाही. काल ढग गडगडले, तर मी बोलून गेलो, "चला, तो जागा आहे, आता काळजी नाही." सगळे माझ्याकडे बघतच राहिले. आपल्या स्ट्रॉम्बोली बेटावर ज्वालामुखी गुरगुरला की आपण निवांत झोपतो, आणि तो गप्प झाला की मोठ्या स्फोटाची धास्ती घेतो, हे त्यांना काय माहीत?

तू शेळीचं लिहिलंस, शेजारच्या नुन्झियाताच्या लग्नाचं लिहिलंस. त्याच्याबद्दल मात्र अक्षर नाही. गप्प झालाय का? तसं असेल तर हट्ट न करता बेट सोडून मावशीकडे जा.

आणि गुरगुरत असेल, तर गच्चीवरची थोडी राख मला झाडायला ठेव.

तुझाच,
बार्तोलो