दुर्बिणीच्या पेटीतला स्पंज

पुसद,
ता. १० डिसेंबर १९६६

चि. कोकिळा हिस,

अनेक आशीर्वाद. तांड्यावर सगळे खुशाल असतील. इकडे कापसाच्या गाड्यांनी रस्ता भरलाय. शाळेत पोचेपर्यंत पदराला रुई चिकटते. तुझ्या वर्गातल्या दोघी मॅट्रिक झाल्या.

शाळेच्या दुर्बिणीच्या पेटीचं अस्तर बदललं, ते कळवायचं होतं. आतला रबरी स्पंज काकवीसारखा चिकट झाला होता. बोट लावलं की भुगा हाती येई. लाकडी पट्टीनं सगळा खरवडला, पेटी रॉकेलच्या बोळ्यानं पुसली, आठ दिवस उन्हात ठेवली. मग सुताराकडून नळीच्या मापाच्या दोन खाचा करून घेतल्या आणि पिंजलेला कापूस मांजरपाटात शिवून त्यांवर बसवला. या उशा सुट्या आहेत, काढून उन्हं देता येतात.

मी पाल्हाळ लावतेय. खरं लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीआधी दुर्बिणीची काच मी स्वतः पुसली आणि पेटीला कुलूप लावलं. किल्ली माझ्याबरोबर अमरावतीला होती. परत येऊन उघडलं, तर काचेवर तोच पिवळट डाग, त्याच जागी. नळीचं काचेकडचं टोक त्या चिकट स्पंजात रुतलं होतं.

दोन वर्षांपूर्वी असाच डाग सापडला, तेव्हा पेटीची किल्ली तुझ्याकडे असायची. तू म्हणालीस, "बाई, म्या काच पुसूनच ठेवलती." मी म्हटलं, "मग डिंक काय आपोआप लागला?" सगळ्या वर्गासमोर तुझ्याकडून किल्ली काढून घेतली. चौथ्या दिवसापासून तू आली नाहीस, आणि मी विचारायलाही आले नाही.

आपोआपच लागत होता, कोकिळा.

काल प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेला हे सांगितलं. मॅट्रिकला बाहेरून बसता येतं. शिकवायला मी आहे. क्षमा मागायचा धीर होत नाही.

तुझ्यावर विश्वास ठेवायला चुकलेली,
इंदूबाई

*

तांडा,
ता. १९ डिसेंबर

ती. बाईंना सा. नमस्कार.

पत्र पोचलं. बा तुरीकडे गेलता, तो येईपर्यंत मी चार खेपा वाचलं. मग त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मंग दोन वर्सं लोक मले काय म्हणून राह्यले?"

तुम्हाला माहीत नसेल, बाई. इथं असं पसरलं, की हरिसिंगच्या पोरीनं शाळेत चोरी केली म्हणून तिला काढलं. मी सांगून थकले. कोण ऐकते?

शाळेला सांगितलं ते बरं केलं. पण मी शाळेत नाही, इथं राहते. तुम्ही इथं येऊन सांगा. तांड्याच्या नायकासमोर, माझ्या बासमोर. दुर्बीण पण आणा, लोकांना पाहू द्या. मग मी अभ्यासाला बसते. पुस्तकं मी टाकली नाहीत.

कोकिळा हरिसिंग

*

पुसद,
ता. २४ डिसेंबर

चि. कोकिळा,

एक तारखेला, रविवारी सकाळच्या मोटारीनं येते. फाट्यावर गाडी पाठवू नका. पेटी घेऊन चालत येईन. नायकांना आणि तुझ्या वडिलांना सांगून ठेव, म्हणजे सगळे जमतील. माझं बोलणं मी चार वाक्यांत बसवलंय. घरात मोठ्यानं म्हणून पाहिलं, तिसऱ्या वाक्याला आवाज अडतो. अडला तरी पुरं करीन.

परीक्षेचा फॉर्म बरोबर आणतेय.

पुन्हा तुझी बाई व्हायला येणारी,
इंदू