पिपलानी ते धानोरी, दारापासून दारापर्यंत

पिपलानी, भोपाळ
मंगळवार, ता. ७ एप्रिल २०२६, सकाळी ६ वाजून ४० मिनिटं (कुलरची टाकी भरतो आहे, ११ मिनिटं लागतात, तेवढ्यात पत्र होईल असं वाटतं)

तीर्थरूप मधुकरमामांना सुयशचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? आईचं बीपी ठीक आहे. माझं तुम्ही वाढवलंत.

प्राजक्ताचं स्थळ तुम्हीच आणलंत. तिच्या आईंनी, म्हणजे कमलकाकूंनी, एकच विचारलं होतं: मी पुण्यात धानोरीला एकटी राहणार, बरं नसलं तर मुलगी भोपाळहून किती वेळात पोचेल? तुम्ही नागपुरात बसून सांगून टाकलंत, दीड तास. विमान पुण्याला साधारण तेवढ्यात जातं हे खरं, सरळ रेषेत अंतरही सव्वासहाशे-साडेसहाशे किलोमीटरच आहे (मोबाइलवर तीन ठिकाणी पाहिलं). पण मामा, विमान आमच्या दारातून सुटत नाही. बारावी दोनदा राहिली तरी एवढं मला कळतं.

म्हणून गेल्या गुरुवारी जवाहर चौकातल्या दुकानातून सुट्टी घेतली आणि वेळ मोजायला निघालो. प्राजक्ताच्या हातात बॅग असणार, म्हणून मीही बॅगेत सात किलो गहू भरले (विमानात जवळ तेवढंच ठेवू देतात). करोंदला धान्याच्या मंडीकडे वळणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत बस बत्तीस मिनिटं उभी. विमानतळाच्या दारावर जवानाने तिकीट मागितलं. मी म्हटलं, "टिकट नहीं है, बस टाइम देख रहा हूँ." यानंतर बॅग उघडली गेली. वेळा टिपायची वहीही निघाली, तीत सुवाच्य अक्षरात "८.१२ गेट". मोठे साहेब आले. "भैया, ये गेहूँ कहाँ ले जा रहे हो?" "कहीं नहीं सर, वापस घर." (खरं होतं, पण ऐकायला बरं वाटलं नाही.) चाळीस मिनिटांनी सुटलो. ती हिशेबात धरली नाहीत, कारण प्राजक्ताकडे तिकीट असेल. दोन तास आधी यायचं असतं, हे साहेबांनीच समजावलं. पुण्यातली रिक्षा धरून एकूण सहा तास वीस मिनिटं.

सांगावं तर स्थळ जातं. न सांगावं तर काकू कधीतरी तापात घड्याळाकडे बघत पडतील. काल मीच काकूंना फोन केला आणि वही वाचून दाखवली, गव्हासकट. मग म्हणाल्या, "माझी सख्खी बहीण कोथरूडला असते. निघतेच आहे म्हणाली, त्याला दोन वर्षं झाली." आणि म्हणाल्या, "रविवारी या. प्राजक्तालाही तुमची वही बघायची आहे."

आपला,
सुयश

ता. क. रविवारी तुम्ही दीड तास हा विषय काढू नये.

ता. क. २. मी स्वतः विमानतळाच्या दारापर्यंतच मोजलं आहे. विमानात कधी बसलेलो नाही, आणि जत्रेतल्या पाळण्यात माझं काय झालं होतं ते तुम्ही पाहिलं आहे. तेव्हा शनिवारी इकडे या आणि शेजारी बसा. खिडकी तुमची. नागपूरहून गाडीने तुम्हालाही साधारण सहा तास वीस मिनिटंच लागतात, आणि तुम्हाला मी कधी लांबचं मानलं नाही.

ता. क. ३. झालेला खर्च: बसभाडं ४६ रुपये, बुडालेला रोज ५०० रुपये. देणं: काकूंना सात किलो गहू. निवडलेले आहेत का, असं त्यांनी फोन ठेवताना विचारलं.