अव्वांचा नंबर आला तेव्हा

जोडभावी पेठ, सोलापूर
शुक्रवार, दुपारची भांडी आवरून

ती. चंद्रिकाताईंना धनलक्ष्मीचा वाकून नमस्कार.

तिकडं मोडनिंबला सगळे खुशाल असतील, दाजींची कंबर त्यांना आता जरा उठू-बसू देत असेल असं धरून चालते. फोन सोडून पत्र कशाला, असं मनात आलं असेल. फोनवर बोलायचं म्हटलं की अव्वा (तुमच्या आई, माझ्या सासूबाई, बाई एकच, अनुभव निरनिराळे) स्पीकर लावायला सांगतात आणि मग त्याच बोलतात. म्हणून हे पत्र तिकडं माल घेऊन येणाऱ्या नईमभाईंच्या टेम्पोतून पाठवते आहे.

अव्वांचा पाय आता बरा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

त्यांना साखरेचा त्रास आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. पेठेत नव्या डॉक्टरीण आल्यात, महेजबीन नावाच्या (वयानं लहान, बोलायला मऊ आणि स्वभावानं चिवट). त्या अव्वांना तपासणीला बोलावतात आणि अव्वा "आयतु, आयतु" म्हणतात. कानडीत याचा अर्थ 'झालं, ठरलं' असा असेल. आपल्या घरात 'विसरा आता' असा आहे. पहिल्या खेपेला त्या रिक्षात बसून निघाल्या खऱ्या, पण वाटेत आपल्या गल्लीतल्या शिवम्मा रडवेल्या दिसल्या. त्यांच्या लेकीचं जमलेलं लग्न मोडायला आलं होतं. अव्वा रिक्षातून उतरल्या त्या लग्न परत जुळवूनच घरी आल्या. (पोरगी सुखात आहे, अव्वांना पहिलं निमंत्रण होतं.) दुसऱ्या खेपेला मी स्वतः नेऊन दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं आणि जरा बाजारात गेले. परत येऊन बघते तर अव्वा जागच्या जागी आणि दवाखान्याला कुलूप. तापानं फणफणलेलं बाळ आलं म्हणून त्याच्या आईला पुढं सोडलं, मग धाप लागलेल्या एका आजोबांना, मग माढ्याची गाडी चुकेल म्हणणाऱ्या बाईला. असं करता करता डॉक्टर घरी गेल्या. मला राग आला होता ताई, पण ते आजोबा बाहेर कट्ट्यावर बसून अव्वांना आशीर्वाद देत होते. तिथं भांडणार कुणाशी?

शेवटी डॉक्टर म्हणाल्या, घरी बसूनच व्हिडिओवर बोलू. अव्वांनी इरकल नेसलं, नथ घातली, आणि फोन वाजल्याबरोबर उचलून कानाला लावला. डॉक्टरांना बराच वेळ नुसता कान दिसत होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "अम्मा, कान छान आहे. आता पाय दाखवा." कारण मी त्यांना आधीच कळवलं होतं की अव्वा पायाला हळदीचं फडकं बांधून हिंडतात आणि विचारलं की मुंगी चावली म्हणतात. अव्वा म्हणाल्या, "पाय बरा हाय की." आणि शेजारच्या दानम्मांना पुढं बसवून त्यांचा गुडघा दाखवला. पुढच्या व्हिडिओच्या वेळी फोन स्वयंपाकघरात वाजत होता आणि अव्वा गल्लीत कुणाच्या तरी पापडाला मदत करत होत्या. म्हणजे फोन हजर, पेशंट गैरहजर.

फडक्याला मात्र आता वास यायला लागला होता. मी घाबरून डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "वहिनी, अशी कुणाची वेळ आहे, जी त्या कधीच चुकवत नाहीत?" मी म्हटलं, "स्वतःची सोडून सगळ्यांची." डॉक्टर म्हणाल्या, "अम्मांना फोन द्या." त्यांनी अव्वांना सांगितलं, माझ्याकडं एक बाई आहेत, पाय सडत चाललाय पण दाखवायला तयार नाहीत, तुम्ही येऊन समजावाल का?

ताई, दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दारात होतो. आत बसलो. ती बाई काही येईना. अव्वांचा पारा चढत गेला.

"आशी कशी बाई ही?" त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी हिची वाट बगत बसायचं व्हय? त्येंना दुसरी कामं न्हाईत? अन् पाय दावायला कसली लाज? उद्या पाय गेला तर लेकरांनी काय करायचं, ह्येचा इचार हाय का तिला?"

"हे तिला तोंडावर सांगाल, अम्मा?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगते की."

"मग सांगा. ती आलीय. तुमच्याच खुर्चीत बसलीय."

अव्वांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या, लोकांचा जीव वाचवणाऱ्या. तुमच्याकडं पाय कसा करू वो?" म्हणजे हे होतं, ताई. आम्हाला वाटायचं भितात, टाळतात. त्यांना डॉक्टरांचा अपमान करायचा नव्हता. डॉक्टर उठल्या, सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या आणि अव्वांचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. म्हणाल्या, "माझ्या नानीचे पाय मी रोज दाबायची." अव्वांनी पदर डोळ्यांना लावला. मीही भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

चपलेचा खिळा आतून टोचत होता आणि साखरेनं पायाची जाणीवच गेलेली, त्यामुळं जखम आत आत गेली होती. अंगठा राहतो की जातो अशी अवस्था होती. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही रडत आला असता आणि अव्वा तुमचीच समजूत घालत बसल्या असत्या. रोज ड्रेसिंग झालं, एकही दिवस चुकला नाही, अंगठा राहिला. आता व्हिडिओच्या वेळी त्या आधी फोनला हात जोडतात आणि मग पाय दाखवतात. शिवाय डॉक्टरांनी त्यांना एक काम लावून दिलंय. जो पेशंट येत नाही त्याच्या घरी अव्वा जातात आणि त्याला घेऊनच येतात. एकानं आतून कडी लावली, तर अव्वा ओट्यावर बसून त्याच्या बायकोला शेंगा निवडू लागल्या. तासाभरात तो चप्पल घालून तयार. मला तर या दोघी बायांचं कौतुक करावं तेवढं थोडंच वाटतं.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
धनलक्ष्मी

ता. क. तुम्हाला साखर तपासायला सांगितलं होतं आणि तुम्ही गेला नाहीत, हे अव्वांना कळलंय. (माझ्याकडून नाही. तुमच्या भावाकडून, गुरूंकडून. त्यांच्या पोटात काही राहत नाही.) रविवारी अव्वा नईमभाईंच्याच टेम्पोतून तुमच्याकडं येतायत. कडी लावू नका, उपयोग होत नाही.

ता. क. आणखी एक. आल्यासरशी त्यांना मंगळवारपर्यंत ठेवून घ्या, मी तुमचे उपकार विसरणार नाही. सोमवारी मला दाढ काढायला बोलावलंय, आणि मी जाणार नाहीये.