सात घरची तुरीची डाळ

सोमवार, १६ जानेवारी १९७८
चुका होतील, आधीच माफी. टायपिंगचा क्लास अर्ध्यातच सुटला. एकेक अक्षर शोधून ठोकते, लई हळू होते. ळ अडकते. बाई म्हणाल्या, दुपारी मशीन रिकामंच राहते, खराब कागदाच्या पाठीवर मनाचं काही बी टाईप कर, हात बसेल.
बाई म्हणजे सर्व्हेच्या बाई. देशभर चालू आहे म्हणे. लहान पोट्टे काय खातात, काय पेतात, ते तोलून लिहायचं. आमच्या विणकरांच्या गल्लीतली सात घरं त्यात निघाली. शाळेची एक खोली ऑफिसले दिली. मी काटा धरते, आकडे लिहिते, मग टाईप करते. बोलायचं काम बाईंचं. म्हणून तं हो म्हटलं. आठवीत उत्तर येत असून तोंडातून निघत नव्हतं. त्यातच शाळा सुटली.

मंगळ, १७
पहिलं घर गंगाबाईचं. रांधायच्या आधी सगळं कच्चं तोललं. तांदूळ, तेल, तुरीची डाळ. डाळ निळ्या डब्यात, झाकण चेपलेलं. मग नातवाची वाटी, जेवायच्या आधी एकदा, उरलेली एकदा.
दुधाचा गिलास पाहून नातू रडाले लागला. गंगाबाई म्हणे, "रोज पेते बाई, आज लाजून राहिला." बाई तेलाकडे वळल्या तं दूध गंगाबाईनंच पेलं.
उरलं शून्य. मी शून्य लिहिलं.

गुरु, १९
तिसरं घर, शकूमावशीचं. डबा तोच. निळा, चेपलेला. मावशीनं मले डोळा मारला.
संध्याकाळी नळावर विचारलं तं हासली. "पाहुणीसमोर पोराले नुसती पेज देऊ का वं? सगळ्यांनी मिळून घेतली डाळ. ज्याच्या घरी बाई, त्याच्या घरी डबा."
मग बाई गेल्यावर?
"मग काय. पेज."

शुक्र, २०
आज आमचं घर. सकाळीच वहिनी डबा घेऊन आली. गुड्डू दादाचा पोरगा, दीड वर्षाचा. त्याचं रोजचं म्हणजे कोऱ्या चहात बुडवलेला पोळीचा तुकडा, दुपारी पेज. आज वरण, भात, तूप, दूध. दोन घास गेले, बाकी हनुवटीवरून खाली. वहिनी पदरानं पुसत गेली. वाटी रिकामी दिसली.
बाईंनी टेप लावून दंड मोजला. पुन्हा मोजला. "एवढं खातो, मग दंड असा का?"
"बापावर गेला बाई. तो बी काडीच."
दादा मागावरूनच ओरडला, "काडी तं काडी! लुगडं मंग तुहा बाप विणते का?"
सगळे हासले. बाई बी. मी बी.
बाईंनी कागदावर लिहिलं, आहार पुरेसा.

रवि, २२
गुड्डूचे ढाळ थांबत नाहीत. रडत नाही, त्याचीच भीती वाटते. पाय भरल्यासारखे. माय म्हणे, बाळसं धरून राहिला. मी बोटानं दाबलं तं खड्डा पडला. तसाच राहिला.
वहिनी मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. तिनं खड्डा पाहिला नाही. का पाहिला...

मंगळ, २४
सातवं घर झालं. बाई खूश. "तुमची गल्ली बरी निघाली गं सुमन. जिथं मुलांचं खाणं कमी, तिथं दूधकेंद्र आधी. मी पलीकडच्या वस्तीचं नाव पाठवते."
दूधकेंद्र म्हणजे पोरामागे रोज एक गिलास. गुड्डूले बी.
मी फाईल धरून उभीच राहिली. बाई म्हणाल्या, "काही सांगायचंय का?"
मान हलवली. नाही.

बुध, २५
वहिनीले म्हटलं, डब्याचं सांगून देऊ का बाईले?
"सांग नं. अख्ख्या गल्लीले भुक्कड म्हण. आपली पोरगी म्हणून तुले घरात काटा लावू दिला लोकांनी, आता तोच त्यांच्या डोक्यात हाण."
मी उठली. मग मागून, हळूच, चरखा फिरवता फिरवता, "मले दिसत नाहीत का वं त्याचे पाय?"

गुरु, २६
सुट्टी. शाळेत झेंडा झाला. बाईंना न विचारता काटा घरी आणला. चोरीच म्हणायची.
गुड्डूचं आजचं सगळं तोललं. वाटलं वहिनी हाकलून देईल. दुपारची वाटी तिनंच आणून काट्यावर ठेवली.
कोरा चहा, अर्धा कप. पोळी, चिमूटभर. पेज, चार चमचे. पाणी. दूध नाही. डाळ नाही.

शुक्र, २७
कालचं सगळं टाईप केलं. खाली लिहिलं, डबा एकच होता, घरं सात. गंगाबाईकडचं दूध पोरानं नाही पेलं, शून्य मी लिहिलं. ळ प्रत्येक डाळीत अडकला. कागद बाईंच्या फायलीत वर ठेवला नि बाहेर जाऊन उभी राहिली.
बाई आल्या, हातात कागद. रागावतील वाटलं. म्हणाल्या, "चल, घरी चल."
घरी येऊन गुड्डूचा पाय दाबला. "हे बाळसं नाही हो. सूज आहे. दोन दिवस आधी कळलं असतं तर..." मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. दादा माग सोडून उठला, वहिनी गुड्डूले घेऊन रिक्षात बसली. माझ्याकडे पाहिलं नाही.
गंगाबाई दारातून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मुकी म्हणत होतो न आपण हिले? बोटानंच गल्ली जाळली बाप्पा!"

रवि, २९
मशीन उद्या जीपमध्ये जाईल. बाईंचा मुक्काम आता उमरेडले. म्हणून आज टाईप करून घेते.
कागदाचं विचारलं. पहिल्यांदाच मी आपणहून विचारलं. बाई म्हणाल्या, सातही घरं नव्यानं तोलावी लागतील, त्याले वरच्या ऑफिसातून जादा दिवस मिळाले पाहिजेत. तोवर जुने कागद पाठवायचे नाहीत, फाडायचे बी नाहीत. बॅगेत आहेत.
शकूमावशी नळावर बोलत नाही. बाकीच्या बायका माझी बादली पुढं सरकू देत नाहीत.
गुड्डूचा दवाखान्यात तिसरा दिवस. सकाळी दादा सांगून गेला, चमच्यानं दोनदा दूध पेला, दोनदा ओकला. तिसऱ्यांदा चार वाजता देणार. पोटात राहिलं तं बरं, म्हणे डॉक्टर. नाही राहिलं तं काय, ते दादानं विचारलं नाही.
आता साडेचार. दादा आला नाही.
पोट्टे ओरडत गेले. चौकापलीकडच्या विहिरीत सांड पडला म्हणे. अख्खी गल्ली दोर घेऊन पळून राहिली. मी मशीनसमोरच, दादाची वाट पाहत.