आक्काच्या खोलीची चौकट

मृत्युपत्र लिहून ठेवतो असे की,

मी, तात्याबा रावजी रासकर, वय ५८, धंदा नोकरी (मेंटेनन्स फिटर, बारामती एमआयडीसी), राहणार पिंपळी, तालुका बारामती, जिल्हा पुणे, आज दसऱ्याच्या दिवशी, गुरुवार दिनांक २ ऑक्टोबर २०२५ रोजी, कुणाच्याही दडपणाखाली न येता हा कागद करायला घेत आहे. 'दडपणाखाली न येता' हे वकिलांनी दिलेल्या नमुन्यात आहे म्हणून लिहिले. खरी गोष्ट अशी की ऑगस्टमध्ये मी शिडीवरून पडलो, डावा पाय मोडला, आणि पत्नी सौ. सारजा हिने शिडीला साखळी घालून कुलूप लावले. म्हणाली, "आदी कागद करा, मग चढा वर. तुमच्या माघारी ह्यो पसारा कुनी निस्तरायचा?"

माझी बुद्धी शाबूत असून स्मरणशक्ती चांगली आहे. हे वाक्य सारजाला वाचून दाखवले तेव्हा ती कणकेच्या हातानेच उठून बाहेर गेली आणि पायरीवर बसून हसली. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. घर. पिंपळी येथील ग्रामपंचायत मिळकत क्रमांक ३१७, चार खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर व मागचा परस, हे माझ्या पश्चात सारजाचे. हे घर २००९ साली बांधले तेव्हा त्यात काहीही दोष नव्हता. दोष मी नंतर हौसेने घातले. आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी. सोळा वर्षांत एकही गुरुवार मी या घराला सुखाने बसू दिले नाही.

न्हाणीघराची फरशी मी स्वतः बसवली. चिरंजीव ऋषिराज पुण्याहून मोबाइलवर व्हिडिओ पाठवतो. 'पप्पा, एका दिवसात फरशी.' माझे तीन गुरुवार गेले आणि उतार मोरीकडे न जाता स्वयंपाकघराकडे गेला. तेव्हापासून अंघोळ करणाऱ्याने आतून "आलं गं!" म्हणून ओरडायचे आणि सारजाने दारात पोते आडवे टाकायचे, अशी आमच्या घरची रीत पडली आहे. पाहुण्यांनासुद्धा आधी ओरडायला शिकवतो. तरी घर सारजाला पोत्यासह मिळावे.

कलम २. जमीन. सव्वा एकर बागायत, सध्या चुलतभाऊ वाट्याने करतो. ही जमीन चि. ऋषिराज आणि मुलगी सौ. स्वप्नाली यांची निम्मी निम्मी. स्वप्नालीकडून हक्कसोड घेऊ नये. तिने प्रेमाने दिली तरी घेऊ नये. लग्न झालेल्या बहिणीला कचेरीत न्यायचे, 'इथे सही कर' म्हणायचे, आणि ती सही करते ती भावावरची माया समजायची, अशी आपल्याकडे पद्धत आहे. पद्धत मला ठाऊक आहे, कारण मी ती पाळली आहे. त्याबद्दल कलम ६ पाहावे.

कलम ३. बँकेतील ठेव सारजाची. तिने त्यातून सगळ्यात आधी चांगला प्लंबर बोलवावा. हे लिहिताना मला कष्ट होतात. मी स्वतः फिटर आहे. कंपनीत वाफेच्या लाइनी माझ्या भरवशावर चालतात. घरी मात्र गच्चीवरच्या कुंड्यांचे ठिबक मी सोलरच्या गरम लाइनीला जोडले. दुपारी मिरच्या झाडावरच उकडल्या आणि सकाळी सुट्टीला आलेल्या ऋषिराजने गार पाण्याने अंघोळ केली. त्याला मी गार पाण्याचे फायदे सांगितले. पंधरा दिवसांनी सारजाने कोथिंबिरीतून वाफ निघताना पाहिली आणि मला वर बोलावले. "अवो, भाजी इथंच शिजवून खाली पाठवताय व्हय?"

कलम ४. बाग. आम्ही माळी. आमच्या आजोबांनी काठी रोवली तरी तिला पालवी फुटते, असे गाव म्हणायचे. त्यांच्या नातवाने कढीपत्ता मारला, तोही दोनदा. गुरुवारच्या बाजारात घेतलेले डाळिंब सात वर्षे नुसते फुलते. माझी थोरली बहीण द्वारकाबाई वरकुट्याला दिली आहे, तिच्या घरी डाळिंबाच्या बागा आहेत. तिने झाडाकडे एकदाच बघितले. "तात्या, ही शोभेची जात हाय. ह्याला डाळिंब लागत न्हाय." मी म्हणालो, लागेल. अजून म्हणतो. माझ्या पश्चात हे झाड कुणी तोडू नये. किंवा तोडावे, तेव्हा मी बघायला नसेन.

कलम ५. हत्यारे. ड्रिल मशीन ऋषिराजला, त्याने ते कधीही चालू करू नये या अटीवर. लेव्हलपट्टी स्वप्नालीला. न्हाणीघराची फरशी बसवताना ती सुट्टीला आली होती. "पप्पा, बुडबुडा मधी न्हाय," असे फक्त तीच म्हणाली. मी म्हणालो, बुडबुड्याला काय कळतंय.

ओळंबा गावातल्या गोकुळ गवंड्याला. गोकुळ माझा जुना मित्र. पाच वर्षांपूर्वी मी परसाकडच्या खोलीची राहिलेली भिंत एकट्याने चढवली आणि त्याला कौतुकाने बघायला बोलावले. चार माणसे चहाला बसली होती. त्याने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "तात्या, भितीला पोट आलंय. डोहाळजेवान कवा ठेवताय?" माणसे अशी हसली की एकाच्या नाकातून चहा आला. त्या दिवसापासून मी गोकुळशी बोलत नाही. भिंतीचे पोट दरवर्षी थोडे थोडे वाढते आहे, म्हणजे त्याचे खरे होते, पण खरे चार माणसांत बोलायचे नसते. ओळंबा त्याला द्यावा आणि माझ्यातर्फे काही बोलू नये.

कलम ६. परसाकडची खोली. ही खोली मी माझी बहीण द्वारकाबाई राम शेंडे, राहणार वरकुटे, तालुका इंदापूर, हिला देत आहे.

वडील वारल्यावर २००६ साली आक्का सकाळच्या एसटीने वरकुट्याहून बारामतीला आली, कचेरीत हक्कसोडीवर सही केली, स्टँडवर माझ्याबरोबर भेळ खाल्ली आणि तीनच्या गाडीने परत गेली. आक्का म्हणाली, मला जमीन नको, माहेरी टेकायला एक खोली असली म्हणजे झाले. मी शब्द दिला. आणि तो माझ्याच हातांनी पुरा करायचा असे ठरवले, तिथेच सगळे बिघडले.

२०१३ च्या दसऱ्याला चौकट उभी केली. गोकुळशी मी तेव्हा बोलत होतो. म्हणाला, "आदी भराव करा, जमिनीची पातळी ठरू द्या, मग चौकट बसवा." मी म्हणालो, साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे, तो काय तुझ्या भरावासाठी थांबेल? चौकटीला हळदकुंकू लावले, आंब्याचा डहाळा बांधला, नारळ फोडला, पेढे वाटले. मग मुरमाचा भराव केला, त्यावर कोबा, कोब्यावर फरशी. जमीन गुरुवारागणिक वर येत गेली, चौकट होती तिथेच राहिली. शेवटी मोजली तर दार पाच फुटांचे. पहिले टेंगूळ मलाच आले.

बारा वर्षे झाली. आक्का दर भाऊबीजेला येते आणि बाहेरच्या खोलीत, ओल येऊन दगड झालेल्या सिमेंटच्या पोत्याला टेकून बसते. एका वर्षी तिने त्या दारातून आत डोकावले आणि म्हणाली, "का रं तात्या, म्हायारात वाकूनच यायचं व्हय आता?" सगळे हसले, मीही हसलो. रात्री जेवण गेले नाही.

तर ही खोली माझ्या पश्चात आक्काची. कुणी हरकत घेऊ नये.

गुरुवार, ९ ऑक्टोबर रोजी इथपर्यंतचा मजकूर वकील ज्ञानेश झगडे यांना दाखवला. आक्काला साक्षीदार करतो म्हणालो, तर ते म्हणाले, "ज्याला कागदातून काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नये, पुढे त्यावर वाद निघतो." बरे, दुसरा साक्षीदार बघतो म्हणालो. मग त्यांनी विचारले, "बहिणीचं वय काय?"

"एकोणसत्तर."

"आणि खोली कधी मिळणार?"

"मी गेल्यावर."

"तात्या, म्हणजे त्यांनी तुमच्या मरणाची वाट बघायची. अकरा वर्षांनी थोरल्या आहेत त्या."

मी म्हणालो, तुम्ही मला शिडीवर बघितलेले नाही, फार थांबावे लागणार नाही. ते हसले नाहीत. परत येताना रिक्षात मला माझीच लाज वाटली. बारा वर्षे बहिणीला ताटकळत ठेवले आणि वर तेच लांबणीवर टाकणे मी स्टॅम्पपेपरवर दानधर्म म्हणून लिहीत होतो. रिक्षा घरी नेली नाही. गोकुळच्या दारात थांबवली आणि कुबडी टेकत उतरलो.

गोकुळ जेवत होता. पाच वर्षांनी त्याच्याशी बोललो. म्हणालो, "भिंतीचे दिवस भरले."

तो ताटावरून उठला नाही. म्हणाला, "बसा. आदी भाकरी खा. सकाळी येतो." मग घास गिळून म्हणाला, "तुमी बाजूला बसायचं. थापीला हात लावायचा न्हाय. कबूल?"

मी कबूल केले. भिंत पाडायला त्याला दीड तास लागला. माझे तिच्यात एकवीस गुरुवार गेले होते. चौकट सुटी करून त्याने फरशीच्या पातळीवरून पुन्हा उभी केली, पावणेसात फूट. मुहूर्त बघितला नाही. सारजाने तेवढे हळदकुंकू लावले. मी खुर्चीवर बसून बारा दिवस सूचना दिल्या, त्याने त्यातली एकही ऐकली नाही, म्हणून खोली सरळ झाली. जाता जाता न्हाणीघराचा उतारही मोरीकडे काढून दिला. आता मी आतून ओरडतो आणि पाणी बाहेर येत नाही, तर चुकल्यासारखे वाटते.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज. गिलावा अजून ओला आहे, रंग बाकी आहे. शिडीचे कुलूप काढलेले नाही. आक्का सकाळी आली. दाराशी सवयीने मान खाली घातली, मग वर बघितले, आणि ताठ आत गेली. त्याच खोलीत तिने मला ओवाळले. ओवाळणीत मी किल्ली घातली. तिने ती कनवटीला खोचली आणि म्हणाली, "आता त्यो कागद दाव."

आक्का चौथी शिकलेली. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचत बसली. सारजाच्या करंज्या तळून झाल्या तरी वाचत होती. डाळिंबापाशी हसली, मिरच्यांपाशी हसली. शेवटपर्यंत वाचले आणि बोट मागे कलम ६ वर आणून ठेवले.

"हितं खोटं लिवलंयस."

"काय खोटं?"

"'आक्का म्हणाली, मला जमीन नको.' मी कवा म्हनलं? तू म्हनलास, सही कर, तीनची गाडी चुकंल. मी केली. खोलीचं बी तूच बोललास. मी भेळ खात हुते."

एकोणीस वर्षे मी ही गोष्ट माणसांना सांगत आलो, सांगून सांगून मलाच ती खरी झाली होती. मी पेन काढले. म्हणालो, आक्का, कलम २ मध्ये तुझा वाटा लिहितो.

"लिवा," सारजा दारातून म्हणाली.

आक्काने पेनावर हात ठेवला. "माजं ऱ्हाऊ दे आता. माजी पोरं पोटापुरती हायती. पर स्वप्नालीचं जे लिवलंयस, ते उद्या कुनी फिरवायचं न्हाय. त्याला साक्ष मी ऱ्हाते. मला कागदातनं काय देऊ नगंस, म्हंजी माजी सही चालंल. वकिलाचंच हाय की ते, मी आताच वाचलं."

सबब खालील दुरुस्त्या करतो. कलम ६ अन्वये द्वारकाबाई हिला काही मिळणार नाही, कारण खोलीची किल्ली तिला माझ्या हयातीत दिली आहे. ती येईल तेव्हा दार तिने उघडावे, आणि ती नसताना खोलीत कुणी सिमेंट ठेवू नये. ऋषिराजला हे फोनवर वाचून दाखवले, त्याने हरकत नाही म्हणून सांगितले. कलम ५ मधील ओळंबा गोकुळला आजच दिला. तसेच 'आक्का म्हणाली, मला जमीन नको' हे वाक्य खोटे असून मी ते रद्द करतो. तिला कुणी विचारले नव्हते.

हा कागद मी माझ्या हाताने लिहिला, साक्षीदारांसमक्ष सही केली. यातील अक्षर वाकडे असल्यास तो पायाचा दोष नाही, ते आधीपासून तसेच आहे.

स्थळ: पिंपळी, तालुका बारामती
दिनांक: २३ ऑक्टोबर २०२५

सही: तात्याबा रावजी रासकर

साक्षीदार १. गोकुळ मारुती खरात, राहणार पिंपळी.

साक्षीदार २. द्वारकाबाई राम शेंडे, राहणार वरकुटे. या वेळी वाचून सही केली.